पुनर्वसनासाठी व्हिडिओ गेम: डिझर्टेशनचा विषय घेताय? मग पायरीपायरीने असं करा

सिनॉप्सिस (प्रबंधाचा आराखडा) जमा करायचे दिवस जवळ आले की पुण्यातल्या फिजिओथेरपी आणि ऑक्युपेशनल थेरपीच्या कॉलेजांत एक विषय हमखास निघतो: ‘अर्धांगवायूच्या रुग्णांवर व्हिडिओ गेमचा परिणाम’. कुठल्या तरी सीनियरने असंच काहीसं केलेलं असतं, डिपार्टमेंटच्या कपाटात जुना कन्सोल पडलेला असतो, आणि रुग्णांना खेळताना मजा येते हे सगळ्यांनी पाहिलेलं असतं. विषय मनापासून घेण्यासारखा आहे. फक्त या शीर्षकात अजून प्रश्न नाही. कोणता गेम, कोणत्या रुग्णाला, कशासोबत किंवा कशाऐवजी, आणि सुधारणा नेमकी कशात मोजायची, हे ठरेपर्यंत गाइडकडे सहीसाठी जाऊ नका.

हा लेख एमपीटी आणि एमओटीच्या, म्हणजे फिजिओथेरपी आणि ऑक्युपेशनल थेरपीच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी आहे, आणि त्यांना गेम बनवून देणाऱ्या इंजिनिअरिंगच्या मुलांसाठीही. उदाहरणं बहुतेक पक्षाघातानंतरच्या हाताची घेतली आहेत, कारण या क्षेत्रातलं बरंचसं संशोधन तिथेच झालंय. वृद्धांचा तोल, सेरेब्रल पाल्सीची मुलं, पार्किन्सन्स यांनाही पायऱ्या याच लागतात.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगते. गेम हा स्वतः उपचार नसतो. रुग्णाकडून योग्य हालचाल, योग्य पद्धतीने, पुरेशा वेळा करून घेण्याचं ते साधन आहे. म्हणून तुमच्या अभ्यासात पडद्यावरच्या गुणांपेक्षा हालचालींची नोंद महत्त्वाची. ती नसेल, तर निकाल काहीही आला तरी तो का आला हे तुम्हाला सांगता येणार नाही.

पहिली पायरी: मोजकंच वाचा, पण मुळातून वाचा

पबमेडवर, म्हणजे वैद्यकीय लेखांच्या ऑनलाइन सूचीत, शब्द टाकले की शेकडो लेख येतात आणि माणूस दबून जातो. सुरुवातीला तीन-चार अभ्यास घ्या आणि ते मेथड्सपासून वाचा. सारांशावर थांबू नका.

पहिला एव्हरेस्ट ट्रायल. गुस्तावो सापोस्निक आणि सहकाऱ्यांनी तो २०१६ मध्ये ‘लॅन्सेट न्यूरॉलॉजी’त प्रसिद्ध केला. पक्षाघात होऊन तीन महिन्यांच्या आत असलेले १४१ रुग्ण, चार देश. एका गटाला निन्टेन्डो वी हा हातातल्या रिमोटच्या हालचालीवर चालणारा कन्सोल, दुसऱ्याला पत्ते, बिंगो, जेंगा असे साधे करमणुकीचे खेळ. दोन आठवड्यांत दहा सेशन्स, प्रत्येक एका तासाचं, आणि नेहमीचे उपचार दोन्ही गटांना चालूच. हाताच्या कामात दोन्ही गट सुधारले, पण गटांमध्ये फरक दिसला नाही. बरेच विद्यार्थी यावरून ‘गेम निरुपयोगी’ असा अर्थ काढतात. तो चुकीचा आहे. समोरच्या गटानेही तेवढाच वेळ, तेवढ्याच उत्साहाने हात वापरला होता. म्हणजे फायदा पडद्यामुळे होतो की हात वापरल्यामुळे, हा खरा प्रश्न या अभ्यासाने समोर ठेवला.

दुसरा, केट लेव्हर आणि सहकाऱ्यांचा कॉक्रेन आढावा, म्हणजे एका विषयावरचे ट्रायल्स एकत्र तपासणारा अहवाल. त्याच्या २०१७ च्या आवृत्तीत ७२ ट्रायल्स आणि २४७० रुग्ण आहेत. नेहमीच्या थेरपीऐवजी व्हर्च्युअल रिॲलिटी किंवा गेम दिला तर हातासाठी तो सरस ठरल्याचं दिसलं नाही. नेहमीच्या थेरपीच्या जोडीला जादा म्हणून दिला, तेव्हा फायदा दिसला. आता ‘जोडीला’ म्हणजे एकूण सरावाचा वेळही वाढला. हे वाक्य वहीत लिहून ठेवा, चौथ्या पायरीवर त्याची गरज पडेल.

तिसरा, ॲनाट मिरेलमन यांचा व्ही-टाइम ट्रायल, २०१६, ‘लॅन्सेट’. वारंवार पडणारे ६० ते ९० वयाचे ३०२ जण. एक गट नुसत्या ट्रेडमिलवर चालला. दुसरा गट ट्रेडमिलवर चालता चालता पडद्यावरचे अडथळे ओलांडत होता, आणि त्यांच्या पावलांची हालचाल कॅमेरा पडद्यावर दाखवत होता. आठवड्यातून तीनदा, सहा आठवडे. पुढच्या सहा महिन्यांत पडण्याचं प्रमाण दुसऱ्या गटात कमी राहिलं. चालणं दोन्हीकडे सारखंच होतं. गेमने भर घातली ती लक्ष देण्याची, अडथळा ओळखण्याची, वेळेवर पाय उचलण्याची. गेम नेमकं काय वाढवतो हे आधी ठरवून मग तेवढंच तपासलेला हा अभ्यास आहे, आणि माझ्या मते तुमच्या आराखड्यासाठी यापेक्षा चांगला नमुना नाही.

आवर्तनांबद्दल, म्हणजे तीच हालचाल किती वेळा केली याबद्दल, कॅथरिन लँग यांचं काम वाचाच. २००९ मध्ये त्यांच्या गटाने प्रत्यक्ष थेरपी सेशन्सचं निरीक्षण केलं, तेव्हा हाताच्या उपयोगी हालचालींची सरासरी एका सेशनमध्ये फक्त ३२ निघाली. प्राण्यांवरच्या प्रयोगांत मेंदूत बदल घडायला शेकड्यांनी आवर्तनं दिली जातात. हा फरक वाचून पुष्कळांना वाटलं की गेमने ही दरी भरून निघेल. पण त्याच लँग यांनी २०१६ मध्ये, पक्षाघाताला सहा महिने उलटून गेलेल्या ८५ जणांना ३२०० पासून ९६०० आणि त्याहूनही जास्त आवर्तनं दिली, आणि जास्त डोसने जास्त सुधारणा असं साधं गणित काही सापडलं नाही. म्हणून आवर्तनं मोजा, आणि त्यांचा दर्जा, अवघडपणा, रोजच्या कामाशी असलेला संबंधही नोंदवा.

दुसरी पायरी: प्रश्न एका वाक्यात बसवा

असं वाक्य तयार झालं पाहिजे: ‘पक्षाघाताला एक ते सहा महिने झालेल्या, खांदा थोडा तरी उचलू शकणाऱ्या प्रौढांमध्ये, नेहमीच्या थेरपीसोबत रोज २० मिनिटं कॅमेऱ्यावर चालणारा हात पोहोचवण्याचा गेम दिला, तर तेवढीच मिनिटं तसाच सराव गेमशिवाय दिलेल्या गटाच्या तुलनेत चार आठवड्यांनी फ्यूगल-मायर गुणांत फरक पडतो का?’ (फ्यूगल-मायर ही पक्षाघातानंतरची हालचाल मोजणारी चाचणी.) वाक्य लांबलचक आहे, पण त्यातला कुठलाही शब्द काढला तर अभ्यास बदलतो.

रुग्ण कुठून मिळणार हेही इथेच ठरवा. मोठ्या सरकारी रुग्णालयात नवे रुग्ण भरपूर येतात, पण लवकर डिस्चार्ज होतात आणि सासवड, मंचर, दौंडला परत जातात. खासगी ओपीडीत रुग्ण टिकतात, पण संख्या कमी. मज्जारज्जूच्या दुखापतीवर काम करायचं तर खडकीचं पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर आणि अवयव गमावलेल्यांसाठी इथलं आर्टिफिशियल लिंब सेंटर मनात येतंच. अशा ठिकाणच्या परवानगीला वेळ लागतो असं गृहीत धरून अर्ज सगळ्यात आधी करा.

तिसरी पायरी: गेम निवडताना फसवणूक कुठे होऊ शकते ते पाहा

दुकानातला गेम निरोगी माणसासाठी बनवलेला असतो. त्याचा वेग, त्यातले रंग, हरल्यावरचे आवाज, सगळं तरुण खेळाडूला धरून. रिमोट हातात धरायच्या टेनिसमध्ये नुसत्या मनगटाच्या झटक्यानेही चेंडू जातो. रुग्ण जिंकतो, खांदा तसाच राहतो. कॅमेऱ्याच्या गेममध्ये हात पुढे नेण्याऐवजी रुग्ण कमरेतून पुढे झुकतो आणि गुण मिळवतो. म्हणून निवडलेला गेम आधी स्वतः खेळा आणि मुद्दाम चोरटेपणाने खेळून पाहा. कोपर न उघडता जिंकता येतंय का? धड झुकवून जिंकता येतंय का? येत असेल तर खुर्चीला छातीचा पट्टा लावा किंवा गेम बदला.

यंत्र बाजारात टिकेल का, हाही व्यावहारिक प्रश्न आहे. मायक्रोसॉफ्टचा किनेक्ट हा हालचाल टिपणारा कॅमेरा २०१० मध्ये आला, त्यावर असंख्य प्रबंध झाले, आणि २०१७ मध्ये त्याचं उत्पादन थांबलं. वी बॅलन्स बोर्डचं, म्हणजे उभं राहून खेळायच्या फळीचं, तसंच. २०१० मध्ये रॉस क्लार्क आणि सहकाऱ्यांनी तो तोल मोजायला प्रयोगशाळेतल्या फोर्स प्लॅटफॉर्मच्या तोडीचा ठरू शकतो असं दाखवलं होतं, पण आज तो मिळवायला सेकंडहँड बाजार धुंडाळावा लागतो. त्यामुळे साध्या लॅपटॉपच्या कॅमेऱ्यावर चालणारा गेम मला जास्त शहाणपणाचा वाटतो. मीडियापाइपसारखं मोफत सॉफ्टवेअर वापरून हाताचे आणि शरीराचे सांधे ओळखणारा छोटा गेम इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाची मुलं प्रोजेक्ट म्हणून बनवू शकतात, आणि अशी कॉलेजं पुण्यात हाकेच्या अंतरावर आहेत.

त्यांना सांगताना चार गोष्टी लेखी द्या. एक, फक्त गुण साठवून चालणार नाही. प्रत्येक क्षणाचे सांध्यांचे बिंदू आणि वेळ फाइलमध्ये उतरली पाहिजे. दोन, अवघडपणा थेरपिस्टच्या हातात हवा. तीन, सूचना मराठीत आणि बोलून हव्यात, कारण पक्षाघातानंतर वाचायला त्रास होणारे रुग्ण असतात. चार, एका बाजूकडे दुर्लक्ष होणाऱ्या रुग्णाला त्या बाजूची वस्तू दिसतच नाही, हे गेमला माहीत असलं पाहिजे. आणि जे पाठ्यपुस्तकात सापडणार नाही: पायांच्या गेममध्ये साडी आणि सैल लेंग्यामुळे गुडघे ओळखले जात नाहीत, आणि मागे उभ्या असलेल्या नातेवाइकाला कॅमेरा खेळाडू समजतो. नातेवाइकांची खुर्ची कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर ठेवा.

चौथी पायरी: समोरचा गट

सगळ्यात जास्त प्रबंध इथे कमकुवत होतात. गेम गटाला नेहमीची थेरपी अधिक २० मिनिटं गेम, आणि दुसऱ्या गटाला फक्त नेहमीची थेरपी, अशी मांडणी केली तर गेम गट सुधारला यात नवल नाही. त्याला २० मिनिटं जास्त मिळाली. शिवाय त्या २० मिनिटांत थेरपिस्टचं लक्ष मिळालं, कौतुक मिळालं. तुलनेच्या गटालाही तेवढीच मिनिटं, तोच थेरपिस्ट, तशीच हालचाल द्या: टेबलावरचे पेले हलवणं, कपड्याचे चिमटे लावणं, फळीवर डबे ठेवणं. दोन्हीकडची आवर्तनं मोजा. वीस मिनिटांत दर सहा सेकंदांनी एकदा हात पोहोचला तर २०० आवर्तनं होतात. गेम सुरू होण्यात आणि लेव्हल बदलण्यात वेळ गेला तर त्याहून कमीच.

औषधोपचारात साथ देण्यासाठी बनवलेल्या गेमचं उदाहरण इथे शिकवतं. कॅन्सर झालेल्या किशोर आणि तरुणांसाठीच्या ‘री-मिशन’चा अभ्यास २००८ मध्ये ‘पेडियाट्रिक्स’मध्ये आला, त्यात ३७५ रुग्ण होते. तुलनेच्या गटालाही एक गेम दिला होता, पण बाजारातला, आजाराशी संबंध नसलेला. त्यामुळे ‘री-मिशन’ गटात गोळ्या वेळेवर घेण्याचं प्रमाण सुधारलं, तेव्हा ते नुसतं नव्या खेळण्याचं अप्रूप आहे असं म्हणता आलं नाही.

कोण कोणत्या गटात जाईल हे तुम्ही ठरवू नका. अभ्यासात नसलेल्या कुणाकडून संगणकावर क्रम काढून घ्या आणि तो अपारदर्शक, सीलबंद, क्रमांक टाकलेल्या पाकिटांत ठेवा. रुग्णाला आणि थेरपिस्टला गट कळणारच, पण मोजमाप करणाऱ्याला कळू देऊ नका. मोजमापाला जाण्याआधी आजी-आजोबांना प्रेमाने सांगावं लागतं, ‘तिथल्या ताईंना गेमबद्दल काही बोलू नका हं.’ नाहीतर दारातूनच ‘आज मी शंभर फुगे फोडले’ असं ऐकू येतं आणि ब्लाइंडिंग, म्हणजे गट माहीत नसताना मोजणं, संपतं.

पाचवी पायरी: काय मोजायचं

मुख्य मोजमाप एकच ठेवा. हातासाठी फ्यूगल-मायरचा हाताचा भाग, एकूण ६६ गुण, १९७५ पासून वापरात. पक्षाघाताला बराच काळ लोटलेल्या रुग्णांत साधारण ४ ते ७ गुणांचा फरक रुग्णाच्या दृष्टीने अर्थपूर्ण मानला जातो, त्यामुळे दीड गुणाच्या फरकाला ‘लक्षणीय’ म्हणताना थांबा. तोलासाठी बर्ग स्केल, १४ कामं आणि ५६ गुण. स्वस्त आणि झटपट हवं तर बॉक्स अँड ब्लॉक टेस्ट: एका मिनिटात किती ठोकळे आडोशापलीकडे नेले. पेटी सुताराकडून मापात करून घेता येते.

गेममधले गुण हे मोजमाप धरू नका. चार आठवड्यांत कुणीही गेममध्ये तरबेज होतो. प्रश्न आहे की ते कौशल्य स्वयंपाकघरात आणि मोरीत पोहोचतं का. म्हणून एक दुय्यम मोजमाप घरच्या वापराचं घ्या, आणि प्रत्येक रुग्णाला त्याचं स्वतःचं काम विचारा: भाकरी थापणं, निऱ्या काढणं, पीएमपीच्या बसचा दांडा पकडून चढणं. प्रश्नावली वापरायची असेल तर तिची तपासलेली मराठी आवृत्ती आहे का ते पाहा आणि मूळ लेखकांची परवानगी घ्या. नसेल तर मराठीत भाषांतर, दुसऱ्याकडून उलट भाषांतर आणि थोड्या रुग्णांवर चाचणी करावी लागते. ऐनवेळी ओपीडीत तोंडी भाषांतर करून विचारलेले गुण कुणाशी तुलना करण्याजोगे राहत नाहीत.

सहावी पायरी: किती रुग्ण

‘३० घेतले, कारण सगळे ३० घेतात’ हे कारण नाही. समजा गटांत ५ गुणांचा फरक शोधायचा आहे आणि प्रमाण विचलन (गुणांचा पसारा) ८ धरलं. ८० टक्के पॉवर (खरा फरक असेल तर तो सापडण्याची शक्यता) आणि ५ टक्के मर्यादेला (नसलेला फरक दिसण्याची शक्यता) प्रत्येक गटात ४१ जण लागतात. पाचातला एक सोडून जाईल असं धरलं तर प्रत्येकी ५२, एकूण १०४. एका विद्यार्थ्याला हे बहुधा झेपणार नाही. मग प्रामाणिकपणे त्याला पायलट किंवा फीजिबिलिटी अभ्यास म्हणा, आणि प्रश्न बदला: किती जण तयार झाले, किती टिकले, एका सेशनमध्ये खरी आवर्तनं किती झाली, काय त्रास झाला. असा छोटा पण नीट केलेला अभ्यास पुढच्या मोठ्या ट्रायलला फार उपयोगी पडतो.

सातवी पायरी: परवानगी आणि संमती

सिनॉप्सिसची वाट कॉलेजवर अवलंबून: नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न असेल तर त्यांचे नियम, अभिमत विद्यापीठ असेल तर त्यांचे. एथिक्स कमिटीची मंजुरी दोन्हीकडे लागतेच, आणि तिचा आधार आयसीएमआरची (भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची) २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं. त्यानंतर सीटीआरआयवर, म्हणजे भारतातल्या क्लिनिकल ट्रायल्सच्या नोंदवहीत, नोंदणी. ती मोफत आहे, आणि १ एप्रिल २०१८ पासून पहिला रुग्ण घेण्याआधीच करावी लागते. नंतर करू म्हणाल तर ती होणार नाही, आणि चांगली नियतकालिकं लेख परत पाठवतील.

संमतीपत्र मराठीत, मोठ्या अक्षरात. कॅमेरा आहे म्हणजे चित्रण आहे. चेहरा साठवणार का, फाइल कुणाकडे राहणार, कधी पुसणार हे स्पष्ट लिहा. सांध्यांचे बिंदू साठवून व्हिडिओ टाकून दिला तर बरेच प्रश्न सुटतात. मुलांवरच्या अभ्यासात पालकांच्या संमतीसोबत मुलाचाही होकार लागतो: ७ ते १२ वयात तोंडी, १२ ते १८ मध्ये लेखी.

आठवी पायरी: धोके

फिट्सचा इतिहास विचारा. चमकणाऱ्या दृश्यांनी काहींना फिट येऊ शकते. पक्षाघाताच्या बाजूचा खांदा निखळल्यासारखा असेल तर हात आधाराशिवाय वर उचलायचे गेम देऊ नका. प्रत्येक सेशनआधी आणि नंतर खांद्याचं दुखणं दहापैकी किती ते विचारून लिहा. उभ्याने खेळताना कंबरेला पट्टा आणि मागे माणूस, कायम. डोक्यावरचा हेडसेट वापरत असाल तर मळमळ आणि चक्कर मोजायला केनेडी यांची १९९३ ची सोळा लक्षणांची प्रश्नावली आहे. आणि मधुमेही रुग्णाने नाश्ता केलाय ना, हे विचारायला विसरू नका. खेळाच्या भरात लोक भूक विसरतात.

नववी पायरी: पुण्याचं कॅलेंडर समोर ठेवून भरती

चार आठवड्यांचं वेळापत्रक आखताना पालख्या शहरात मुक्कामाला असतात ते दिवस, गणपतीचे दहा दिवस आणि दिवाळी टाळा. पेठांत रस्ते बंद असले की अर्धांगवायूच्या माणसाला रिक्षाने आणणं अशक्य होतं. ग्रामीण रुग्णाचा मुलगा पेरणीच्या दिवसांत त्याला घेऊन येऊ शकत नाही. गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाणाऱ्या भागात क्लिनिक असेल तर लॅपटॉप आधीच चार्ज करून ठेवा. प्रवासाचा खर्च देता आला तर द्या, आणि तो बजेटमध्ये आधीच लिहा. कुणी यायचं थांबलं तर कारण विचारा आणि लिहून ठेवा. ‘गेम कंटाळवाणा झाला’ आणि ‘सून नोकरीला लागली, आणायला कुणी नाही’ ही दोन अगदी वेगळी उत्तरं आहेत.

दहावी पायरी: आकडे आणि लेखन

एक सवय कृपया मोडा. गेम गटाची आधी-नंतर पेअर्ड टी-टेस्ट, तुलनेच्या गटाची वेगळी, आणि एकाचा पी ०.०५ खाली, दुसऱ्याचा वर, म्हणून गेम श्रेष्ठ, असा निष्कर्ष चुकीचा असतो. पहिल्या सहा महिन्यांत पक्षाघाताचे रुग्ण आपोआपही सुधारतात, त्यामुळे आधी-नंतरचा फरक जवळजवळ कुठेही सापडेल. तुलना थेट दोन गटांची करा, सुरुवातीचे गुण धरून, म्हणजे ॲन्कोव्हा. फरक आणि त्याचा ९५ टक्के विश्वास-अंतराल द्या. सोडून गेलेले ज्या गटात होते त्याच गटात मोजा.

लिहिताना कन्सॉर्टची यादी (ट्रायल कशी मांडायची) आणि २०१४ ची टायडियरची बारा मुद्द्यांची यादी (उपचाराचं वर्णन कसं करायचं) शेजारी ठेवा. गेमचं नाव, आवृत्ती, कॅमेऱ्याचं अंतर, अवघडपणा वाढवायचा नियम, एका सेशनमधली खरी आवर्तनं, धड किती झुकवलं, सगळं लिहा. फरक निघाला नाही तरी प्रबंध प्रसिद्धीला पाठवा. पुढचा कॉक्रेन आढावा करणाऱ्यांना तोही लागतो.

आणि अभ्यास संपायच्या आठवड्यात प्रत्येक रुग्णाला घरचा सराव कागदावर लिहून द्या, घरात असतील त्याच वस्तू वापरून. तुलनेच्या गटातल्या ज्यांना गेम खेळून पाहायचा आहे, त्यांना लॅपटॉप परत करण्याआधी खेळू द्या.